कारवी फुलली ते वर्ष

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. आम्ही राहायचो मुलुंडला, पश्चिमेला डोंगराच्या अंगाला. बैठी चाळ, दोन खोल्या आणि मागच्या दारी कपडे धुवायचा दगड. संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. पहिले काही महिने बाबा रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गिरणीच्या दारापर्यंत जाऊन यायचे. मग शर्टाची इस्त्री गेली. मग जाणंही बंद झालं. आई कॉलनीतल्या दोन घरी पोळ्या करायला जायला लागली आणि बाबा घरात बसून राहायला लागले. त्यांना बसायची सवय नव्हती. नळ गळत नसताना नळाचा वायसर बदलायचे. मला गणित शिकवायला बसायचे आणि स्वतःच चिडून उठायचे.

दिवाळीनंतर ते गावी गेले ते बरेच दिवस आलेच नाहीत. आम्हाला वाटलं, शेताचं काही बघत असतील. शेत म्हणजे तरी काय, खडकावरचे दोन कोपरे. परत आले ते एसटीच्या टपावर दोन लाकडी पेट्या बांधून. पेट्यांना गोणपाट गुंडाळलेलं, दाराच्या फटीला बारीक जाळी ठोकलेली. आत मधमाश्या होत्या. कोकणात कड्याकपारीत, झाडाच्या ढोलीत राहणारी छोटी माशी असते, तिला सातेरी म्हणतात. गावातला बाबांचा एक चुलतभाऊ या माश्या पेटीत पाळून मध विकायचा. बाबा महिनाभर त्याच्या हाताखाली राहिले होते.

तो प्रवास ते पुढे कितीतरी वेळा रंगवून सांगायचे. कंडक्टरने विचारलं, "पेट्यांत काय आहे?" बाबा म्हणाले, "पेटीच आहे." त्याला वाटलं बाजाची पेटी. "भजनी मंडळ वाटतं? वाजवता छान का?" तर बाबा म्हणे, "मी कशाला वाजवू, ती आपली आपणच वाजते." पनवेलला कोणीतरी सामान काढायला टपावर चढला आणि पेटीला कान लावून तसाच खाली उतरला.

आईला मात्र हसू आलं नाही. दारात उभी राहून ती म्हणाली, "मुंबैत माणसांका जागा नाय, आणि तुम्ही माशी घेऊन इलात?"

जागेचा प्रश्न खराच होता. चाळीत पेट्या ठेवल्या असत्या तर लोकांनी आम्हालाच बाहेर काढलं असतं. पण आई ज्या दोन घरी पोळ्या करायची त्यांतलं एक घर एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. एकट्याच राहायच्या. जुना कौलारू बंगला, मागे आंबा, चिकू, शेवगा, दोन जांभळी, एक विहीर, आणि कुंपणाच्या पलीकडे लगेच डोंगराचा उतार. मुलगे परदेशी. आईने भीत भीत विषय काढला तेव्हा बाई म्हणाल्या, "माश्या माझ्याशी बोलायला येणार असतील तर येऊ दे बाई. दुसरं कोण येतंय?"

अशा दोन पेट्या बाईंच्या मागच्या परसात जांभळीखाली मांडल्या गेल्या. पेट्यांच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाडग्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून.

पहिल्या पावसाळ्यात त्यांतली एक पेटी रिकामी झाली. पावसात फुलं नसतात, तेव्हा माश्यांना साखरेचं पाणी द्यावं लागतं. ते बाबा देत होते, पण काहीतरी बिनसलं आणि एका उघडिपीच्या सकाळी सगळा थवा उठून निघून गेला. बाबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळी आई चहाचा कप त्यांच्या उशाशी ठेवून म्हणाली, "दुसरी पेटी आसा ना?"

त्या एका पेटीवर बाबांनी पुढचं सगळं उभं केलं. पेटीत माश्या वाढल्या की तिचे दोन भाग करायचे, दुसऱ्या भागात नवी राणी तयार होते, हे त्यांनी शिकून घेतलं होतं. शिवाय मुलुंडमध्ये बातमी पसरली की एक माणूस माश्या न मारता काढून नेतो. मग कोणाच्या मीटरच्या खोक्यात, कोणाच्या गच्चीवरच्या फुटक्या टाकीत माश्यांनी घर केलं की बाबांना बोलावणं यायचं. बाबा धुराचं डबडं आणि एक जुनी उशीची खोळ घेऊन जायचे आणि खोळीत गुणगुणतं घर घालून परत यायचे. लोक वर चहापाण्याला काही हातावर ठेवायचे. एकदा एका गुजराती आजीने त्यांना पायावर पाणी घालून ओवाळलं होतं. बाबा लाजून लाल झाले होते. गिरणीत अठरा वर्षं काढली, पण असा मान त्यांना कोणी दिला नव्हता.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाईंच्या परसात पेट्यांची रांग झाली. जांभळीला मोहोर आला आणि पहिला विकण्याजोगा मध निघाला. काळसर, किंचित तुरट. मध काढायचं यंत्र म्हणजे पत्र्याचं एक पिंप होतं, त्यात मेणाच्या चौकटी उभ्या करायच्या आणि हँडल फिरवायचं, की मध भिंतीवर उडून खाली जमतो. ते बाबांनी भांडुपच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ओळखीने बनवून घेतलं होतं. हँडल फिरवताना ते साच्याच्या आवाजाची नक्कल करायचे, खटाखट खटाखट, आणि आई म्हणायची, "पुरे, गिरणी हडे आणू नकात."

आईचा हात मध गाळण्यात आणि भरण्यात. मलमलच्या कापडातून ती मध गाळायची. बाटल्या आम्ही भंगारवाल्याकडून आणायचो, सोड्याने धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवायचो. पार्ल्याला एक आयुर्वेदिक औषधांचं दुकान होतं, त्याने पहिल्यांदा आमचा मध ठेवला. मग घाटकोपरच्या मामाने त्याच्या ऑफिसात सांगितलं. मामा आईचा धाकटा भाऊ, तिचा फार लाडका. तो दर रविवारी यायचा आणि पिशवी भरून बाटल्या घेऊन जायचा. "ताई, तुझा मध झकास चाललाय," म्हणायचा. नेहमी तुझा मध म्हणायचा, बाबांचा नाही. बाबांनाही त्याचं काही वाटत नसे. आईने पोळ्यांचं एक काम सोडलं. बाईंचं सोडलं नाही, कारण ते काम आता काम राहिलं नव्हतं.

माश्या चावायच्या. मधमाश्या पाळायच्या म्हटल्यावर ते होणारच. बाबांना तर इतक्या चावल्या होत्या की त्यांना नंतर सूजही येत नसे. काटा नखाने खरवडून काढायचे आणि काम पुढे चालू. आईला सुरुवातीला चावायच्या तेव्हा थोडी सूज यायची, एवढंच. पण जांभळीचा हंगाम संपता संपता तिला वेगळंच काही व्हायला लागलं. बाबांचे कपडे धुतले की तिच्या हातांवर गांध्या उठायच्या. लाल, खाजऱ्या, कोपरापर्यंत. तिला वाटायचं पित्त उठलं. आमसुलं भिजत घालून त्याचं पाणी ती अंगाला चोळून घ्यायची.

"डॉक्टरकडे जा गं," मी म्हणायचे.

"माका काय होता? पित्त आसा ता. वांगी खाल्ली ना काल."

मग एक दिवस बाईंच्या परसात तिला मानेवर माशी चावली. मी सोबत होते. बघता बघता तिचे ओठ सुजले, डोळे मिटल्यासारखे झाले, आणि ती विहिरीच्या कट्ट्यावर बसली ती आडवीच झाली. बाबा आणि मी तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. इंजेक्शन दिल्यावर तासाभराने ती उठून बसली आणि पहिली गोष्ट म्हणाली ती ही, की भाताखालचा स्टोव्ह बंद केला का?

डॉक्टरांनी बाबांना आत बोलावलं. मीही गेले. डॉक्टर म्हणाले, "काही लोकांना चावून चावून सवय होते, तुम्हाला झालीय तशी. काही लोकांचं उलट होतं. प्रत्येक वेळी जास्त त्रास. कपड्यांत अडकलेल्या काट्यांतून यांच्या अंगात ते विष थोडं थोडं जात असणार, म्हणून त्या गांध्या. यांना पुन्हा माशी चावता कामा नये. एक चावली तरी जिवावर बेतू शकतं."

घरात ठेवायला त्यांनी गोळ्या दिल्या. चावली की लगेच घ्यायची आणि दवाखाना गाठायचा.

त्या संध्याकाळी आमच्याकडे कोणी नीट जेवलं नाही. बाबा म्हणाले, "सोडतंय मी ह्या सगळा. पेट्यो गावाक पाठवतंय."

आई भिंतीला टेकून बसली होती, चेहरा अजून सुजलेला. म्हणाली, "सोडून काय करतलात? परत गिरणीच्या दारात जाऊन बसतलात?"

"बसान."

"बसा नकात. तुमका बसलेला मी बघितलंय. माका बघवत नाय ता." मग म्हणाली, "मी लांब रवतंय. पेट्यांकडे जायत नाय. तुम्ही सोडू नकात."

मला आठवतं, बाबांनी तिच्या सुजलेल्या हाताला हात लावला, माझ्यादेखत. ते असं कधी करत नसत.

तिथून पुढे नियम झाले. मध गाळायचं आणि भरायचं काम बाईंच्या ओसरीवर गेलं आणि ते बाबा आणि बाई करू लागले. बाई चष्मा लावून मलमल धरायच्या. आईने परसात पाऊल टाकायचं नाही. बाबा घरी येण्याआधी कपडे विहिरीपाशी झटकून, झाडून यायचे. आई बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पेट्यांची रांग बघायची, गजांना धरून.

आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी डोंगरावर कारवी फुलली.

कारवी दर वर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षं नुसतं हिरवं, खरखरीत झुडूप असतं, आणि मग एका वर्षी सगळा उतार एकदम निळाजांभळा होतो. फुलून झालं की ते झुडूप मरतं. बाबांनी गावी लहानपणी हे बघितलं होतं. त्यांना आधीपासून अंदाज होता, जून महिन्यापासून ते डोंगराकडे बघून येत होते. गणपती गेले आणि एक दिवस ते धावत घरी आले. "चल, चल बघूक," असं म्हणून त्यांनी आईला पदर खोचायलाही वेळ दिला नाही. आम्ही तिघं रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो. डोंगर ढगांतून बाहेर आलेला आणि त्याच्या अंगावर जांभळं पसरलेलं. आई म्हणाली, "माझ्या लग्नातल्या शालूचो रंग."

बाबा म्हणाले, "असो हंगाम परत कधी मिळाचो नाय." पेट्यांवर रोज चौकटींचे नवे मजले चढायला लागले. माश्या पहाटेपासून डोंगराकडे जायच्या आणि जड होऊन परतायच्या. बाबा दुपारी घरी फक्त जेवायला यायचे, घास गिळायचे आणि पळायचे. इतके खुश मी त्यांना त्याआधी कधी बघितले नव्हते, आणि त्यानंतरही नाही.

तो दिवस मी पुष्कळदा मनात उलटसुलट करून बघितला आहे. त्यात कोणाची चूक शोधून मला सापडलेली नाही. सहामाही परीक्षेची सुट्टी होती, मी दहावीत होते, पुढच्या खोलीत इतिहास पाठ करत बसले होते. बाबा जेवून गेले होते. जाताना घामाने भिजलेला शर्ट त्यांनी मागच्या दोरीवर टाकला आणि दुसरा घातला. आई कपडे भिजवायला मागे गेली. बादलीचा आवाज आला, मग काही नाही, आणि मग तिने मला हाक मारली. ओरडून नाही, साधीच.

"अगो, चावली."

शर्टाच्या कॉलरच्या दुमडीत, झटकूनही राहिलेली, एकच माशी होती. आईच्या अंगठ्याखाली तळव्याला काटा लागला होता. मी धावत गोळी आणून दिली. तिने ती गिळली. तिला सगळं माहीत होतं, तरी ती मला म्हणाली, "घाबरू नको, चप्पल घाल." मी शेजारच्या काकूंना हाक मारली. रिक्षा मिळेपर्यंत आईचा चेहरा ओळखू येईना. डॉक्टरांचा दवाखाना दुपारचा बंद होता. सगळ्याच डॉक्टरांचे दवाखाने दुपारी बंद असतात. पाटी वाचून काकू रिक्षावाल्याला म्हणाल्या, "मोठ्या हॉस्पिटलला चल रे, पटकन." आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती श्वास ओढत होती, तो आत जात नव्हता. रेल्वेच्या फाटकाशी रिक्षा थांबली, गाडी जायची होती. फाटक उघडलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, पण तो तिने धरलेला नव्हता.

बाबांना बोलवायला कोण गेलं ते मला आठवत नाही. ते हॉस्पिटलात आले तेव्हा त्यांच्या हाताला मध होता. लाकडी बाकावर बसले आणि त्यांनी हात दोन्ही गुडघ्यांवर उताणे ठेवले, कशालाही न लावता. कोणीतरी म्हणालं, हात धुऊन घ्या. ते उठले नाहीत.

नातेवाईक आले. गावाहून आजी आली. मामा आला तो पायरीवरच बसला आणि लहान मुलासारखा रडला. दिवस चालू झाले. बाबा एका कोपऱ्यात घोंगडीवर बसायचे. कोणी विचारलं तर उत्तर द्यायचे, नाहीतर नाही. पेट्यांचं नावही कोणी काढलं नाही. मला वाटलं, संपलं ते सगळं. आणि मला ते संपायलाच हवं होतं.

मग एका सकाळी बाई आल्या. त्या कधी आमच्या चाळीत आल्या नव्हत्या. काठी टेकत, वाट विचारत आल्या. दारात थांबून बाबांना म्हणाल्या, "मला बोलायला जीभ रेटत नाही. पण सांगितलं नाही तर तेही वाईट. पेट्या गच्च भरल्या आहेत. माश्या बाहेर दाराशी लोंबताहेत, मोठे मोठे घोस. दोन थवे उडून गेले काल. मी काय करू ते सांगा."

बाबा उठले.

"कुठे निघालात भावोजी?" मामा म्हणाला.

"बघून येतो."

"बघून येता?" मामाचा आवाज चढला. "माझ्या बहिणीची राख अजून मडक्यात आहे. त्या माश्यांनी खाल्लं तिला. रॉकेल टाकून पेटवून द्यायच्या पेट्या, तर तुम्ही मध काढायला निघालात?"

बाबा म्हणाले, "काढला नाय तर सगळ्या उडून जातील."

"जाऊ देत ना! जाऊ देत!"

"जाऊन चालणार नाय," बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "हिची दहावी आसा."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मी तेव्हा मामाच्या बाजूची होते. दहावी मला नको होती, पुस्तकं नको होती. त्या पेट्या जळताना मला बघायच्या होत्या.

बाबा गेले. मी त्यांच्या मागोमाग गेले, का ते मला अजून कळत नाही. कदाचित ते काय करतात ते बघायला. बाईंच्या कुंपणाबाहेर उभी राहिले. डोंगर अजून जांभळा होता. बाबांनी धुराचं डबडं पेटवलं, तोंडावर जाळी बांधली, पहिल्या पेटीचं झाकण काढलं, चौकट वर उचलली. मेणाने पांढरी झालेली, काठोकाठ भरलेली चौकट. त्यांनी ती उजेडाकडे धरून बघितली, माश्या हळूच झटकल्या, टोपलीत ठेवली, कापडाने झाकली, दुसरी घेतली. त्यांचे हात नेहमीसारखेच चालले होते, अठरा वर्षं माग चालवलेले हात. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुष्कळ वर्षांनी मला समजलं, की हात थांबले असते तर माणूस तिथेच कोसळला असता.

मामा त्या दिवशी निघून गेला. तेराव्याला आला, जेवला नाही. त्यानंतर रविवारी यायचा बंद झाला.

कारवीचा तो मध आमचा सगळ्यात चांगला मध होता. दाट, गडद, चमच्यावरून तार सुटायची. पार्ल्याच्या दुकानदाराने तोंडभर स्तुती केली. मुलुंडमध्ये मात्र गिऱ्हाईक तुटलं. बाईमाणूस गेली त्या घरातला मध नको, असं काही जणी म्हणाल्या. काही जणी उगीच घ्यायच्या, दया म्हणून, आणि बाटली घेताना माझ्याकडे असं बघायच्या की मी आत निघून जायचे. बाबांनी मग घरून विकणं थांबवलं. सगळा मध बाईंच्या ओसरीवरून परस्पर दुकानांत जायला लागला.

आमच्या घरात मध यायचा बंद झाला. बाबा पेट्यांकडचे कपडे तिथेच विहिरीवर स्वतः धुवायचे, तिथेच वाळत घालायचे, आणि तिथे ठेवलेल्या वेगळ्या कपड्यांत घरी यायचे. मला बाईंच्या परसात जायची बंदी झाली. मी एकदा डबा घेऊन गेले तर ते कुंपणाशी धावत आले, "मागे हो, मागे हो," करत. डबा त्यांनी काठीच्या टोकाने घेतला असता तरी मला नवल वाटलं नसतं. रात्री जेवताना ते माझे हात बघायचे, उलटे, सुलटे. कुठे डास चावलेला असला तरी विचारायचे, "हा काय आसा?" त्या हिवाळ्यात मला जबर खोकला झाला. मुलुंडमध्ये ज्याला त्याला आमच्या मधाचं चाटण माहीत होतं. मला बाबांनी आल्याच्या रसात गूळ कालवून दिला.

अशी माझी आई गेली आणि बाबाही अर्धे गेले. दिवसभर ते तिथे, मी इथे. मी भात लावायचे, ते संध्याकाळी येऊन जेवायचे. आमच्यात बोलणं उरलं नव्हतं, कारण बोलण्यासारखं जे होतं ते सगळं त्या परसात होतं, आणि तिथे मला जायचं नव्हतं. मी दहावी पास झाले. कॉलेजला गेले, टायपिंग केलं, शॉर्टहँड केलं. सगळं त्याच पैशावर.

एकदाच मी विचारलं. तेव्हा मी कॉलेज संपवत आले होते. बाबा चपलेचा अंगठा शिवत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, तेव्हा का नाही सोडलंत? आई गेल्यावर तरी?"

दाभण ओढता ओढता ते म्हणाले, "तिणां सांगितल्यान होता, सोडू नकात म्हणून." आणि मान वर न करता म्हणाले, "जल्मभर तिचा मी कधी ऐकूक नाय. मुंबैक घर मोठा घेऊया म्हणायची, नाय ऐकलंय. तुका एक भाऊ होऊ दे म्हणायची, नाय ऐकलंय. ह्या एक ऐकलंय."

मी चहा ठेवायला उठले. मला रडायचं नव्हतं त्यांच्यासमोर.

त्यानंतर वर्षभरातच बाई गेल्या, झोपेत, सुखाने. त्यांचे मुलगे आले आणि त्यांनी जागा विकली. वाईट माणसं नव्हती. बाबांना त्यांनी पेट्या हलवायला वेळ दिला, चहा दिला, माझी आई कशी गेली ते विचारलं. पण परसातल्या जांभळी तोडायला माणसं आली तेव्हा पेट्या अजून तिथेच होत्या. बाबांनी मुलुंडभर जागा शोधली. सगळीकडे इमारती उठत होत्या. शेवटी त्यांनी गावच्या चुलतभावाला निरोप पाठवला. एक टेम्पो ठरवला. सूर्य मावळल्यावर, सगळ्या माश्या आत आल्यावर, त्यांनी एकेका पेटीचं दार जाळीने बंद केलं आणि पेट्या टेम्पोत रचल्या. मी पहिल्यांदा त्यांना मदत करायला गेले. त्यांनी मला अडवलं नाही. एका बाजूने ते, एका बाजूने मी, अशी एकेक पेटी उचलली. लाकडातून ती थरथर माझ्या हातांत येत होती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

गावाहून ते आठवड्याने परत आले. रिकाम्या हाताने, एक छोटी पिशवी तेवढी. दिवसभर झोपले. मला नुकतीच घाटकोपरला एका कंपनीत टायपिस्टची नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केस विंचरत होते, डबा भरून झाला होता, तर बाबा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून दारात उभे. बाहेर बघत होते. गल्लीत पाण्याचे हंडे भरणाऱ्या बायका, शाळेला जाणारी मुलं. मग मागे वळले आणि म्हणाले, "मी काय करू गो?"

एवढ्या मोठ्या माणसाने मला असं विचारावं. मी म्हटलं, "भाजी आणा."

"कसली?"

"तुम्हाला आवडेल ती."

ते पिशवी घेऊन निघाले. कोपऱ्यावर गेल्यावर परत आले आणि त्यांनी विचारलं, "तुका कसली आवडता?" माझ्याबद्दल हे त्यांना माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. मी म्हटलं, "लाल माठ." संध्याकाळी ऑफिसातून आले तर माठाची जुडी निवडून, धुऊन, चाळणीत निथळत ठेवलेली होती. देठं वेगळी, पानं वेगळी. शेजारी बाबा पाटावर बसले होते, पुढे काय करायचं ते मी येऊन सांगेन म्हणून वाट बघत.